बेट भारी की तळघर

चिखलीहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये, मागून तिसऱ्या बाकावर, गेली सहा वर्षं मी आणि क्वालिटीतला एक जण शेजारी शेजारी बसतो. मी टूलरूमला आहे. मी बनवलेल्या डायमधून, म्हणजे साच्यांतून, जे पार्ट निघतात, त्यांच्यात चुका शोधायचा त्याला पगार मिळतो. अशा दोघांची मैत्री झालीच कशी, असं आमच्या दोघांच्याही बायका विचारतात. तो लातूरकडचा. अख्खी कंपनी त्याला भाऊ म्हणते आणि तो अख्ख्या कंपनीला राव म्हणतो.

भांडण सुरू झालं ते मोशीच्या ट्रॅफिकमध्ये. पहिली शिफ्ट होती. पुढच्या बाकावरचा एक जण मोबाइलवर गेम खेळत होता आणि सकाळी सव्वासहाला त्यातून गोळीबाराचे आवाज येत होते. भाऊ वैतागला. "ह्याला काय गेम म्हणायचं का राव? नुसतं धाड धाड. गेम होते आपल्या टायमाला."

"तू खेळायचास?" मी विचारलं.

"खेळायचास म्हणजे? पॉलिटेक्निकची दोन वर्षं त्याच्यातच गेली माझी."

मी सरसावून बसलो. सहा वर्षांत आम्ही पगारवाढ, युनियन, पोरांच्या शाळा, गुडघेदुखी सगळ्यावर बोललो होतो, पण हे कसं कोण जाणे राहूनच गेलं होतं. तोही नव्वदच्या दशकात कॉम्प्युटरसमोर बसून बिघडलेला, मीही. दोन मिनिटं आम्ही नुसते हसत होतो. तिसऱ्या मिनिटाला त्यानं विचारलं, "कोणता खेळायचास?" आणि तिथून आमचं बिनसलं.

माझा गेम म्हणजे 'बेट'. त्याचं खरं नाव इंग्रजीत होतं आणि लांबलचक होतं, आम्ही घरात बेटच म्हणायचो. बोट फुटून एक तरुण एका बेटावर येऊन पडतो. तिथलं दीपगृह कित्येक महिन्यांपासून विझलेलं असतं, दिवा सांभाळणारा म्हातारा गायब असतो, आणि दिवा लागल्याशिवाय एकही जहाज किनाऱ्याला लागणार नसतं. आपण बेटभर हिंडायचं, माणसांशी बोलायचं, सापडेल ती वस्तू पिशवीत टाकायची आणि डोकं लढवायचं. मारामारी अजिबात नाही.

त्याचा गेम म्हणजे 'तळघर'. तेही त्यानं आणि त्याच्या मित्रांनी ठेवलेलं नाव. डोंगराखाली बारा मजले खोल तळघर आणि आपली चौघांची टोळी: तलवारवाला, तिरंदाज, मांत्रिक आणि वैद्य. खाली उतरत जायचं, राक्षस मारायचे, मारता मारता ताकद वाढते, मग आणखी खाली. भाऊ आणि त्याचे तीन हॉस्टेलचे मित्र एकेक पात्र वाटून घेऊन खेळायचे, कॉलेजच्या लॅबमध्ये, सर जेवायला गेले की. भाऊकडे वैद्य होता. ज्याच्याकडे तिरंदाज होता तो एकदा बहिणीच्या लग्नाला गावी गेला आणि ह्या तिघांनी त्याच्या माघारी त्याचं पात्र राक्षसाच्या हातून मरू दिलं. पुढे महिनाभर तो यांच्याशी बोलला नव्हता.

"माणूस महिनाभर अबोला धरतो म्हणजे बघ," भाऊ म्हणाला. "असा होता गेम. तुझ्या बेटावर काय, हिंडायचं अन् गप्पा हाणायच्या. ते तर आपण कंपनीतबी करतो."

"तुझ्या तळघरात तरी काय आहे? मारा, मोजा, झोपा. उठून पुन्हा मारा."

"त्याला मेहनत म्हणतेत राव. तुझ्या गेमात जीवच नाही. कोणी मरतच नाही तर जीव कुठून येणार?"

हे मला लागलं. मग मी त्याला बेटाचा शेवट सांगितला. सबंध गेमभर किनाऱ्यावर टोपली घेऊन बसलेली एक कोळीण असते. तिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. शेवटी कळतं की दिवा तिनंच विझवलेला असतो. म्हातारा वारला, त्याच्यामागे दिव्याचं काम तिच्याकडे आलं, आणि तिनं ठरवलं की दिवा लावायचा नाही. कारण दिवा लागला की जहाजं येतात, आणि जहाजं आली की बेटावरची माणसं त्यांत बसून निघून जातात. आपला तरुण तिच्या शेजारी वाळूत जाऊन बसतो. मग ती स्वतःच उठते, त्याला किल्ली देते, आणि पाण्यावर पिवळा उजेड पसरत जातो.

मी बोलायचा थांबलो तेव्हा आजूबाजूच्या चार बाकांवरची माणसं माझ्याकडे वळून बसली होती. मोबाइलवरचा गोळीबारही थांबला होता. आमच्या बसचे ड्रायव्हर मामा मूळचे मोशीचेच, बस त्यांच्या मालकीची आणि कंपनीला लावलेली. त्यांनी आरशातून मागं बघत विचारलं, "मग त्यो पोरगा गेला का ऱ्हायला?"

"राहिला," मी म्हणालो. "जहाज आलं, पण तो गेला नाही."

"व्हय? बरं केलं," मामा म्हणाले आणि गिअर टाकला.

भाऊ मात्र क्वालिटीचा माणूस. तो म्हणाला, "शेवट भारी हाय, मान्य. पण ऐकायला सगळंच भारी वाटतं. खेळून बघितल्याशिवाय मी सही करणार नाही."

असं ठरलं. त्यानं बेट खेळायचं, मी तळघर, दोघांनी शेवटापर्यंत, इंटरनेटवर उत्तरं न शोधता. हे जुने गेम आता पुन्हा मिळतात, साध्या लॅपटॉपवर चालतात. जो हरेल त्यानं बसमध्ये उभं राहून सगळ्यांसमोर म्हणायचं की तुझा गेम भारी. कोण हरलं ते ठरवायला पंच म्हणून मामा. त्यांनी आयुष्यात एकही गेम खेळला नव्हता, त्यामुळे ते निःपक्षपाती होते.

आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. पहिल्या गुरुवारी जेवण झाल्यावर मी तळघरात उतरलो ते केवळ नावं ठेवायला. अर्ध्या तासात माझे चौघंही उंदरांनी मारले. उंदरांनी! मी पुन्हा सुरुवात केली. संध्याकाळी बायकोनं चहा आणून ठेवला तेव्हा मी पोराच्या आलेखवहीवर पहिल्या मजल्याचा नकाशा काढत होतो, टूलरूमच्या सवयीनं प्रत्येक भिंतीला माप लिहीत. ती वाकून बघत म्हणाली, "हे घरी आणलेलं काम आहे का?" मी हो म्हणालो. तिसऱ्या आठवड्यात माझी टोळी पाचव्या मजल्यावर होती, आणि वैद्याला मी पाठीशी घालून चालत होतो, कारण तो मेला तर सगळे मरतात. अशी त्या काल्पनिक वैद्याची काळजी करताना मला भाऊचा चेहरा दिसायला लागला. पण हे मी बसमध्ये कबूल करणार नव्हतो.

बसमध्ये भाऊ बेटाच्या नावानं बोटं मोडत होता. एका बोकडाशी त्याचं दहा दिवस अडलं होतं. बोकडाच्या गळ्यातली दोरी हवी होती आणि बोकड जवळ येऊ देत नव्हता.

"टोपी खाऊ घाल त्याला," शेवटी मला दया आली.

"टोपी? बोकडाला टोपी? कुणाच्या बापाला सुचंल राव हे?"

"मला अकराव्या वर्षी सुचलं होतं."

मामा स्टिअरिंगवरून म्हणाले, "त्यात काय न सुचण्यासारखं? आमच्या बोकडानं रेनकोट खाल्ला हुता."

ज्या शुक्रवारी तो गेम संपवून आला, त्या दिवशी बसमध्ये चढल्यापासून भाऊ गप्प होता. मला वाटलं, शेवट बघून गलबलला. इंद्रायणीचा पूल ओलांडल्यावर त्यानं तोंड उघडलं.

"राव, ती कोळीण कुठाय?"

"म्हणजे?"

"म्हणजे कुठाय? किनाऱ्यावर एक बाई हाय टोपलीवाली. तिला काहीबी विचारा, ती म्हणती, ताजे मासे घ्या. दोनदा विचारा, ती म्हणती, उद्या या. बास. शेवटी म्हातारा जिवंत निघतो. तिथल्या सावकारानं त्याला आपल्या वाड्याच्या तळमजल्यावर कोंडलेला असतो. आपण दार उघडतो, तो दिवा लावतो, गावकरी आपल्या गळ्यात पदक घालतेत, अन् आपण जहाजात बसून जातो. वरून फटाके."

"तू कुठंतरी चुकला असशील. दोन शेवट असतील."

"तीनदा खेळलो शेवटचा भाग. क्वालिटीत हाय मी."

मामांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, पुढच्या गुरुवारी मी स्वतः खेळून दाखवतो. बसमधल्या कोणीतरी हळूच विचारलं, "मग तो पोरगा राहत नाही का तिथं?"

गुरुवारी मी सकाळी आठला बसलो आणि दुपारी तीनला बेट संपवलं. सावकार होता. तळमजला होता. पदक होतं. फटाक्यांवरून इंग्रजी नावांची यादी वर सरकत गेली आणि मी लॅपटॉपकडे बघत राहिलो. मी तो उजेड डोळ्यांनी बघितला होता. कोळीण किल्ली काढताना तिच्या बांगड्या मागं सरकतात, हेसुद्धा मला आठवत होतं. माणूस एवढं कसं चुकेल? मी गाडी काढली आणि वाकडला ताईकडे गेलो.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आयटी कंपनीत टेस्टिंगमध्ये आहे. त्या दिवशी ती घरूनच काम करत होती, अकराव्या मजल्यावर, कानात हेडफोन घालून. मला बघून तिनं हेडफोन काढला. "काय रे, सगळं ठीक ना?"

"ताई, बेटाचा शेवट काय होता?"

तिला कळायला जरा वेळ लागला. मग ती इतकी हसली की खुर्ची मागं गेली.

आम्ही तेव्हा चिंचवडला कामगारांच्या कॉलनीत राहत होतो. बाबा कंपनीत स्टोअरकीपर. ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले तेव्हा जुन्यातला एक बाबांना मिळाला, आणि त्याच्याबरोबर कोणीतरी सात फ्लॉपींचा हा गेम दिला. मला इंग्रजी येत नव्हतं. माउस माझ्या हातात असायचा आणि ताई शेजारी डिक्शनरी घेऊन बसायची. माणसं काय बोलतात ते ती मराठीत सांगायची, मग आम्ही ठरवायचो. एवढं माझ्या लक्षात होतं. पुढचं ती सांगत गेली.

"सातवी फ्लॉपी चाललीच नाही रे कधी. घातली की नुसता खर्र खर्र आवाज. आणि तू कावीळ होऊन पडलेला. तीन आठवडे. उसाचा रस, लाह्या, आणि दिवा कोणी विझवला, दिवा कोणी विझवला, हेच चालू. आई म्हणाली, ह्याला काहीतरी सांग बाई, डोकं उठवलंय यानं. मग मी तुला सांगितलं की तू झोपला होतास तेव्हा मी शेवट खेळून बघितला."

"पण मी बघितलाय. पाण्यावर पिवळा उजेड पडतो."

"पिवळा?" ताई म्हणाली. "अरे, आपला मॉनिटर ब्लॅक अँड व्हाइट होता."

तो मॉनिटर मला आत्ता स्वच्छ आठवला, जाड, राखाडी, डाव्या कोपऱ्यात बाबांच्या कंपनीचा नंबर रंगवलेला. त्यात पिवळा रंग कुठून येणार होता?

"आणि नुसता शेवट नाही हं," ती मजेत आली होती. "मधलंही बरंच माझंच. डिक्शनरीत शब्द सापडला नाही की मी ठोकून द्यायचे. कोळीण तुला आवडली, तर मी तिला रोज थोडं थोडं बोलायला लावलं. आपल्या कॉलनीत बुधवारी मासेवाली यायची ना, तिच्या बांगड्या मी हिला घातल्या."

"आणि दिवा का विझवला, ते?"

ती उठून स्वयंपाकघरात गेली, चहाचं आधण ठेवलं. तिथूनच म्हणाली, "तेव्हा मला अकरावीसाठी सांगलीला आत्याकडे पाठवायचं घाटत होतं. मला जायचं नव्हतं. असंच काहीतरी डोक्यात असेल." मग आल्याचा तुकडा शोधत म्हणाली, "आणि खरं सांगू का? दहावीचं वर्ष होतं. गोष्ट सांगत बसलं की कोणी अभ्यासाला बस म्हणत नव्हतं."

ती सांगलीला गेली होती, दोन वर्षं. मला त्या दिवसांतलं एवढंच आठवतं की ती गेल्यावर मी कॉम्प्युटर लावला होता आणि सगळी माणसं इंग्रजीत बोलायला लागली होती. मी तो बंद केला. हे मी तिला सांगितलं. चहा गाळता गाळता ती थांबली आणि म्हणाली, "वेडाच आहेस."

शुक्रवारी बसमध्ये भाऊनं माझ्यासाठी खिडकीची जागा ठेवली होती, जी तो एरवी कोणालाही देत नाही. मी सगळं खरंखरं सांगितलं. कावीळ, सातवी फ्लॉपी, ताई, मॉनिटर. सांगता सांगता मी बसच्या मधल्या वाटेत उभा राहिलो, कारण मागच्यांना ऐकू येत नव्हतं. संपल्यावर म्हणालो, "तर मी हरलो. तळघर भारी आहे. तिथं जे दिसतं ते तरी खरोखर गेममध्ये आहे. आणि तसाही मी नवव्या मजल्यावर पोचलोय."

"नवव्या?" भाऊ उडालाच. "पुलावरचा राक्षस कसा मारला?"

"वैद्याला मागं ठेवला."

"शाबास!" त्यानं माझ्या पाठीत धपाटा घातला. मग जरा विचार करून म्हणाला, "पण राव, हे असं जिंकल्यासारखं वाटंना. मी तुझा गेम खेळलोच नाही. तू जो खेळलास तो तर कुठं मिळतच नाही."

मामांचा निकाल यायचा होता. चाकणमधल्या तळेगाव चौकाच्या सिग्नलला गाडी थांबल्यावर त्यांनी मान वळवली. "आमाला ईचाराल तर मशीनचा शेवट काय बरोबर न्हाई. सावकारानं कोंडला हे काय सांगायची गोष्ट हाय? ताईंचा शेवट पास." आणि सिग्नल सुटला.

गोष्ट तिथंच मिटली असती, पण मी हे सगळं ताईला फोनवर सांगितलं आणि ती म्हणाली, "मला त्या लातूरवाल्याला भेटायचंय. त्या तळघराबद्दल बोलायचंय." पुढच्या गुरुवारी भाऊ माझ्या स्कूटरवर मागं बसून वाकडला आला, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात लातूरहून आलेल्या शेंगदाण्याच्या चटणीची बरणी. लिफ्टमध्ये तो मला म्हणाला, "वहिनी म्हणू का ताई?"

"ताई म्हण. वहिनी कशी होईल?"

"बरोबर हाय. घाबरलोय राव जरा."

घाबरण्यासारखं होतंच. ताईनं आठवडाभरात तळघराचे चार मजले एकटीनं पार केले होते आणि चुकांची यादी काढून ठेवली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या राक्षसाला दार उघडता येत नाही, पण तो दाराच्या दोन्ही बाजूंना सापडतो, असं का? मांत्रिक झोपला तरी त्याची मशाल जळत राहते, असं का? पंचवीस वर्षं ज्याच्या नावानं भाऊ शपथ घ्यायचा, त्या गेममधल्या चुका ती त्याला एकेक करून दाखवत होती आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढलेला तो माणूस "नाही ओ ताई, तसं नाही ते" म्हणत घामाघूम झाला होता. मी चटणी भाकरी खात मजा बघत होतो.

"हा मांत्रिक असा का आहे पण?" ताईनं मध्येच विचारलं. "कोणाशी बोलत का नाही?"

"गेममध्ये बोलतच नाहीत ताई ते. नुसतं लढतेत."

"असं कसं? चौघं जण बारा मजले खाली जातात आणि एकमेकांशी एक शब्द नाही? शक्य आहे का?" तिनं लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "बसा इथं. हा डावीकडचा, तलवारवाला, त्याचं घरी भांडण झालंय. म्हणून तो पुढं पुढं चालतो."

भाऊनं माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. तो खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला.

"कोणाशी भांडण?" त्यानं विचारलं.

"भावाशी. जमिनीवरून."

"हां, मग बरोबर," भाऊ म्हणाला. "मग हा असाच चालणार."

आता आम्ही गुरुवारी दुपारी वाकडला जातो. ताईनं ऑफिसात सांगून तीन ते पाच मीटिंगा बंद केल्यात. दहाव्या मजल्यावर दोन वाटा फुटतात. माझ्या नकाशाप्रमाणे उजवीकडे जायला हवं, भाऊच्या अनुभवाप्रमाणेही उजवीकडे, आणि ताईचं म्हणणं की मांत्रिकाला डावीकडून कोणीतरी हाक मारतंय. मागच्या गुरुवारी आम्ही डावीकडे गेलो. तिथं सात राक्षस होते. चौघंही मेले, दीड मिनिटात. भाऊ डोक्याला हात लावून बसला आणि ताई म्हणाली, "चहा टाकते, मग पुन्हा पहिल्यापासून."